माळ्यावर सापडलेली तीन इंजिनं: विमान उडवायला सुरुवात कुठल्यापासून करावी?

मुठाकाठ | रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत वडगाव बुद्रुकच्या घराच्या माळ्यावरून त्यांची पत्र्याची पेटी खाली काढली. आत बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, वाळून कडक झालेल्या नळ्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तीन छोटी इंजिनं निघाली. बाबा मॉडेल विमानं उडवायचे. मी लहान असताना दोन-तीनदा त्यांच्याबरोबर मैदानावर गेलेली आठवते. पुढे बदली झाली आणि ते सगळं थांबलं.

इंजिनं अशी आहेत. एक जेमतेम अंगठ्याएवढं, टाकी पाठीलाच जोडलेली, त्यावर कॉक्स लिहिलंय. दुसरं काळपट, डोक्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी फिरवायची दांडी, आणि सोबत बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: "अरोरा, कलकत्ता, डिझेल". तिसरं निळ्या रंगाचं, ओएस मॅक्स २५ एलए.

लेक नववीत आहे, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. पेटी उघडल्यापासून तिने माझा पिच्छा पुरवलाय की यातल्या एका इंजिनावर विमान उडवायचंच. माझे प्रश्न: सगळ्यात लहान म्हणून कॉक्स सोपं आणि सुरक्षित, असं धरून चालू का? निळ्याचा पंखा हलतच नाही, यजमान पाना घेऊन बसलेत, त्यांनी फिरवून पाहावं का? इंधन कुठलं आणि कुठून घ्यायचं? आणि नंतर काळजी कशी घ्यायची? आम्हाला यातलं काहीही येत नाही, त्यामुळे पहिल्यापासून सांगा.

घारपंख | रविवार, सकाळी ११:३२

ताई, आधी यजमानांना पाना खाली ठेवायला सांगा. बाकीचं सावकाश लिहितो.

तुमचं २५ एलए बहुतेक बिघडलेलं नाही, नुसतं चिकटलंय. या इंजिनांच्या इंधनात एरंडेल तेल असतं. काम झाल्यावर आत उरलेलं एरंडेल वर्षानुवर्षं तसंच राहिलं की त्याची लाखेसारखी राळ बनते आणि पिस्टन जागच्या जागी धरून ठेवते. अशा वेळी पान्याने जोर केला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि चिकटलेलं इंजिन खरोखरच बिघडतं.

डोक्यावरचा ग्लो प्लग पान्याने सैल करून काढा, पाना तेवढ्यापुरताच. मग केस वाळवायचा ड्रायर सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पात्यांवर पाच-सात मिनिटं धरा. हाताला चटका बसेल इतकं तापू द्या. मग जाड फडक्यात धरून प्रॉपेलर अगदी थोडा मागे-पुढे करा. हलला नाही तर पुन्हा तापवा. घाई नको. एक्झॉस्टच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन ढकलायचा मोह होतो, तो आवरा. लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावर, एक ओरखडा पडला तरी कॉम्प्रेशन (आतला दाब) कायमचं जातं.

घारपंख | रविवार, दुपारी १:०५

आता मुख्य प्रश्न. लहान इंजिन म्हणजे सोपं इंजिन, हा समज जवळपास प्रत्येक नवीन माणसाचा असतो. माझाही होता. प्रत्यक्षात उलट आहे.

कॉक्स ०४९ म्हणजे ०.०४९ घन इंच, आपल्या हिशेबात ०.८ सीसी. एवढ्याशा सिलिंडरला एका फेऱ्यात लागणारं इंधन अगदी नगण्य असतं. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायची सुई, केसभर फिरली तरी हवा-इंधनाचं मिश्रण इकडचं तिकडे होतं. इंधनातला धुळीचा एक कण वाट अडवायला पुरतो. शिवाय त्याला वेगळा प्लग नाही, अख्खं डोकंच प्लग आहे. तार जळली की डोकं बदला, आणि ते इथे सहज मिळत नाही. त्यात कॉक्स खूष राहतं इंधनात मिसळायच्या नायट्रोमिथेन या रसायनावर, तेही भरपूर, आणि नायट्रो मिळवणं हा आपल्याकडे वेगळाच व्याप. इंजिन म्हणून ते अप्रतिम आहे. पण पहिल्याच दिवशी ते चालू होईना आणि पोरीचा हिरमोड झाला तर पेटी पुन्हा माळ्यावर जाईल.

२५ म्हणजे ०.२५ घन इंच, साधारण ४.१ सीसी. हे आकारमान चुका पोटात घालतं. नीडल पाव फेरा इकडेतिकडे झाली तरी ते चालत राहतं. एलए मालिका शिकाऊ लोकांसाठीच केलेली. क्रँक बॉल बेअरिंगवर नाही, साध्या बुशवर फिरते, त्यामुळे ताकद थोडी कमी, पण गंजायला बेअरिंगच नाहीत. तुमचं इतकी वर्षं पेटीत पडूनही वाचण्याची शक्यता आहे ती त्यामुळेच. नीडल कार्बोरेटरवर नसून मागच्या झाकणावर आहे, म्हणजे ती फिरवताना बोटं पंख्यापासून लांब राहतात. बाबांनी निवडून घेतलेलं दिसतंय.

बाजारात नवीन घ्यायचं असतं तरी मी हेच सांगितलं असतं: पहिलं इंजिन २५ ते ४६ मधलं, साधं स्पोर्ट्स, स्पर्धेचं नको. ४६ म्हणजे ७.५ सीसी. फोर-स्ट्रोक आवाजाला गोड असतं, पण व्हॉल्व्हची फट वगैरे सांभाळावी लागते, ते दुसऱ्या वर्षी.

बॅटरीवाला | रविवार, दुपारी २:१५

ताई, उडवायला शिकणं हाच उद्देश असेल तर ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरीचं विमान घ्या. तेलाचा डाग नाही, आवाज नाही, सोसायटीत तक्रार नाही. मी स्वतः दहा वर्षं इंजिनं चालवून इलेक्ट्रिककडे आलो आणि आता सुट्टीच्या दिवशी हात न माखता घरी येतो.

मुठाकाठ | रविवार, दुपारी २:४०

पटतंय. पण तिला तिच्या आजोबांचं इंजिन चालवायचंय. उडणं त्याच्या नंतर.

बॅटरीवाला | रविवार, दुपारी २:४४

मग माझा सल्ला मागे घेतो. मनापासून शुभेच्छा.

रसायन | रविवार, दुपारी ४:२०

इंधनाबद्दल मी लिहितो, कारण इथे चूक झाली तर ती इंजिनापुरती राहत नाही.

ग्लो इंजिनाचं इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल. प्लगमधल्या तारेत प्लॅटिनम असतं, आणि मिथेनॉलच्या वाफेशी त्याची उत्प्रेरक क्रिया होऊन तार लाल राहते. म्हणून सुरू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावायची आणि इंजिन धरलं की काढून घ्यायची. पुढे स्पार्क नाही, वायर नाही. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी हे प्लग बाजारात आणले आणि विमानातून स्पार्कसाठी लागणाऱ्या कॉइल-कंडेन्सरचं वजन गेलं. (बाइकची १२ व्होल्टची बॅटरी प्लगला थेट लावू नका. तार क्षणात जळते.)

साध्या इंधनात ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल, बस. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या काही प्रकारांत हेच प्रमाण ठरवून दिलेलं असतं. ५ ते १० टक्के नायट्रो असेल तर आयडलिंग (मंद गतीला चालणं) गुळगुळीत होतं, पण २५ एलए बिननायट्रोचंही चालतं. नायट्रोच्या मागे लागू नका.

आता धोका. मिथेनॉल दिसायला पाण्यासारखं. १० मिलीइतकं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, ३० मिलीच्या आसपास जीव. २०१५ च्या जून महिन्यात मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलमुळे. ते कातडीतूनही आत जातं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. ११ अंशांच्या वरच त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. मैदानावर माती किंवा पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर हवंच.

सुटं मिथेनॉल शोधत फिरू नका. त्याची विक्री परवान्याच्या कक्षेत येते, आणि सुट्या मालात पाणी किती हे कळत नाही. मॉडेलच्या सामानाच्या विक्रेत्याकडून तयार, सीलबंद इंधन पावतीसह घ्या. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका, एका दिवसापुरतंही नाही. आपल्याकडे फ्रिजजवळ ठेवलेली बाटली कोण उचलेल याचा नेम नसतो. मूळ डबा, घट्ट झाकण, कुलूपबंद जागा. झाकण उघडं राहिलं तर हवेतला ओलावा ते शोषून घेतं आणि इंजिन रुसतं. पावसाळ्यात तर विशेष जपा.

जुना_कॅडेट | रविवार, संध्याकाळी ६:०५

अरोराचं नाव वाचलं आणि थेट कॉलेजच्या मैदानावर जाऊन पोचलो. आमच्या वेळी परदेशी इंजिन बघायला मिळणंही मुश्कील, एनसीसीत अरोराच असायची. बाळ, त्या डोक्यावरच्या दांडीने वरचा छोटा पिस्टन खाली-वर होतो आणि कॉम्प्रेशन बदलतं. डिझेलला प्लग नाही, बॅटरी नाही. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समसमान. दांडी जरा दाबायची, पंख्याला फटका, सोडायची, पुन्हा फटका. चालू झालं की ईथरचा तो वास दोन दिवस शर्टातून जायचा नाही. आई शर्ट वेगळा भिजवायची.

पण ते इंजिन आत्ता हातात घेऊ नका. ईथर फार ज्वालाग्राही आणि तेही सहजासहजी मिळत नाही. शिवाय दांडी जास्त आवळली तर रॉड जातो, ते हाताला कळायला वेळ लागतो. तेल घालून, स्वच्छ पुसून ठेवा. नात मोठी झाली की चालवेल.

आता माझं सांगणं वेगळं आहे. २५ एलए रेडिओच्या विमानावर कशाला? कंट्रोल लाइन करा. पंधरा-सोळा मीटरच्या दोन पोलादी तारा, हातात एक हँडल. मुलगी मध्ये उभी, विमान तिच्याभोवती गोल. हँडल कलवलं की विमान वर-खाली. रेडिओचा खर्च नाही, आणि विमान डोळ्याआड कधी जातच नाही. हेच २५ एलए जगभरच्या कंट्रोल लाइनवाल्यांचं लाडकं आहे. तिच्या एनसीसी युनिटमध्ये शिकवणारे कोणी ना कोणी असतीलच, एअर विंगच्या एरोमॉडेलिंगमध्ये कंट्रोल लाइन असते. फक्त मैदानाच्या आसपास विजेच्या तारा नकोत. पोलादाची तार हातात आणि वरून वीज, ही गोष्ट विसरायची नाही. गडगडाट असेल त्या दिवशी पेटी उघडायचीसुद्धा नाही.

घारपंख | रविवार, संध्याकाळी ६:५०

काका, अगदी योग्य बोललात. माझ्या डोक्यात रेडिओच होता. वडगावहून एनडीए (लष्करी प्रबोधिनी) जवळ, दुसऱ्या टोकाला लोहगावचा विमानतळ, म्हणजे रेडिओचं विमान उडवायचं तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात जागा तपासावी लागणार. कंट्रोल लाइनने सुरुवात केली तर इंजिन शिकायला तिला वर्षभर निवांत मिळेल.

मुठाकाठ | सोमवार, रात्री ९:१५

हललं!

सविस्तर सांगते. काल रात्री तीनदा तापवलं, ढिम्म. आज लेकीने शाळेतून आल्यावर स्वतः ड्रायर धरला. सिलिंडरजवळ नाक नेलं तर जुन्या देवघरातल्या समईसारखा वास येऊ लागला, आणि एक्झॉस्टच्या खिडकीत पिस्टनच्या कडेला मधासारखी तपकिरी रेघ ओली होऊन चमकायला लागली. तिने पंखा दोन बोटांनी धरला, अगदी दोन-तीन मिलिमीटर हलला असेल. मग परत. मग थोडा जास्त. वीसेक मिनिटांनी पहिला पूर्ण फेरा झाला. खाली जाताना सैल आणि वर येताना घट्ट, एका जागी तर अडतोच. तिथे काही बिघडलंय का?

लेथवाला | सोमवार, रात्री ९:५०

ताई, काही बिघडलेलं नाही, ती चांगली खूण आहे. लायनर पितळेचा, त्यावर निकेलचा थर, आणि तो वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. थंड असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो. गरम झाल्यावर पितळ जास्त फुगतं आणि फट बरोबर होते. म्हणून हे इंजिन थंड असताना उगाच फिरवत बसू नका. वरच्या टोकाशी तेवढीच झीज होते.

माझं भोसरीत लेथचं काम आहे, अशी इंजिनं साफ करायला येतात. साफसफाईची रीत सांगतो. मागचं झाकण, नीडल, कार्बोरेटर, रबरी रिंगा सगळं काढून बाजूला ठेवा, कारण प्लास्टिक आणि रबर उष्णतेला टिकणार नाही. कोणता स्क्रू कुठला, फोटो काढून ठेवा. नुसता धातूचा भाग एका जुन्या स्टीलच्या पातेल्यात ठेवून वर गाडीचं कूलंट ओता, इथिलीन ग्लायकॉलवालं. नाना पेठेत कुठल्याही स्पेअरपार्ट्सच्या दुकानात मिळेल. इंडक्शनवर मंद, ८०-९० अंशांच्या पुढे नाही, उकळी येऊ द्यायची नाही. चार-पाच तास. राळ आपोआप सुटते. निळा रंग थोडा उतरू शकतो, तयारी ठेवा. नंतर गरम पाणी, जुना टूथब्रश, लगेच वाळवणं आणि लगेच तेल.

हे सगळं घराबाहेर, मोकळ्या हवेत. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, कुत्र्या-मांजरांपासून जपा. आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. त्यावर रंगाने फुली मारून ठेवा.

जोडताना डोक्याचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. प्लग आधी बोटांनी बसवा, शेवटचा थोडासाच पाना. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की माझ्याकडे यावं लागतं. नीडलपासून कार्बोरेटरपर्यंत जी छोटी नळी येते ती नवीन टाकाच. तिला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा शिरते आणि तुम्ही दिवसभर नीडल फिरवत बसाल. ग्लो इंधनाला सिलिकॉनची नळी चालते.

जुनं इंजिन विकत घेणाऱ्या इतरांसाठी एक सांगतो, याच निमित्ताने. बॉल बेअरिंगचं असेल तर कार्बोरेटर काढून टॉर्च मारून आत बघा, तांबूस पावडर दिसली तर बेअरिंग गंजलेत. मला स्वतःला एका ऑनलाइन विक्रेत्याने "फक्त दोनदा चालवलेलं" म्हणून पाठवलेल्या ४६ मध्ये मागचं बेअरिंग हातात तुकडे होऊन आलं. चालवलं दोनदाच असेल, पण दोन्ही वेळा नंतर तेल घातलेलं नव्हतं.

सातारारोड | मंगळवार, सकाळी ८:३०

माझ्या उजव्या तर्जनीचं नख अर्धंच आहे, म्हणून लिहितोय.

९ इंची पंखा, १२ हजार आरपीएम. म्हणजे सेकंदाला २०० फेरे, आणि टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर. चालू झालं की पंखा दिसत नाही, तिथे नुसतीच हवा आहे असं वाटतं. मी समोरून नीडलकडे हात नेला होता. सुरू झाल्यावर नेहमी मागे जायचं, प्लगची बॅटरी मागून काढायची. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, बघणारी मुलंसुद्धा नाहीत. सुरू करताना बोट नको, रबर लावलेली काठी वापरा. ओढणी, मफलर, गळ्यातली साखळी, सुटे केस, काहीही लोंबतं नको. पंख्याला तडा दिसला तर फेकून द्या, फेविक्विक लावू नका.

आणि इंधन जास्त गेलं असेल तर पंखा मध्येच दगडासारखा अडतो. तिथे जोर करू नका. प्लग काढा, इंजिन उलटं धरा, फिरवून इंधन बाहेर टाका.

मुठाकाठ | मंगळवार, सकाळी ९:०५

दादा, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. वेणी घालून अंबाडा बांधायचा, हा नियम तिनेच लिहून ठेवला.

घारपंख | मंगळवार, रात्री १०:२०

आता चालवण्याबद्दल. जाड फळीवर इंजिन बोल्टने पक्कं बसवा, फळी टेबलाला शिकंज्याने आवळा. पंखा ९ बाय ५ किंवा ९ बाय ६ (इंचांत, पहिला आकडा व्यास, दुसरा पिच). टाकीचा मध्य आणि नीडल साधारण एका पातळीत, टाकी किंचित खाली चालेल. सायलेन्सरवरच्या निप्पलमधून टाकीला दाबाची नळी. इंधन भरताना मध्ये गाळणी हवीच.

नीडल बंद करून अडीच फेरे उघडा. कार्बोरेटरच्या तोंडावर बोट ठेवून पंखा हाताने दोन-तीनदा फिरवा, नळीतून इंधन येताना दिसेल. तेव्हा बॅटरी लावलेली नसावी. मग बॅटरी, मग काठीने फटका.

चालू झाल्यावर कान द्या. मिश्रणात इंधन जास्त, म्हणजे रिच असेल तर आवाज जाड, भरडल्यासारखा, गुरगुरणारा, आणि धूर भरपूर. इंजिन एक फेरा सोडून पेटत असतं. नीडल हळूहळू, दोन-दोन खाचा (फिरवताना टक्-टक् लागतात त्या) बंद करत गेलात की मध्येच आवाज फाटतो आणि एकदम चढतो, तंबोऱ्याची तार सुरात लागावी तसा. नवशिक्याला वाटतं हाच तो सूर, आणि तो अजून बंद करतो. तिथेच फसगत होते. अजून बंद केलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. क्षणभर इंजिन जोरात पळतं, आणि त्याच वेळी आतलं तेल कमी पडलेलं असतं. लीन चालवणं म्हणजे उपाशीपोटी धावायला लावणं. सर्वात वरच्या सुरापर्यंत जा आणि तिथून दोन-तीन खाचा परत उघडा, आवाज जरासा खाली उतरेपर्यंत. मग इंधनाची नळी बोटांनी क्षणभर चिमटा. आवाज किंचित चढून मग पडायला लागला तर बरोबर. चिमटताच नुसता पडला तर आधीच लीन आहे, उघडा.

पहिल्या दोन टाक्या रिचच्या बाजूला, पण थंड थंड गुरगुरत ठेवू नका. लेथवाल्यांनी सांगितलंय तसं ही जात गरम झाल्यावरच नीट बसते. दोन-तीन मिनिटं चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा.

माझगाव_ते_मावळ | मंगळवार, रात्री १०:५५

यात एक भर. मी मुंबईत लावलेलं इंजिन घेऊन पुण्यात आलो की ते दर वेळी रिच वाजतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवा पाच-एक टक्के विरळ. इंधन तेवढंच आणि हवा कमी, त्यामुळे नीडल थोडी बंद करावी लागते. एप्रिलच्या ४० अंशांत आणि डिसेंबरच्या पहाटेच्या दहा अंशांतही फरक पडतो, थंडीत उघडावी लागते. म्हणून कुणाचा "माझं इतक्या फेऱ्यांवर चालतं" हा आकडा घ्या, पण सुरुवातीपुरता. शेवटी कानच खरा.

मुठाकाठ | बुधवार, संध्याकाळी ७:३०

विमान कोसळलं तर काय करायचं, हे लेक विचारतेय. अजून विमान नाही, पण विचारतेय.

घारपंख | बुधवार, रात्री ८:४५

योग्य प्रश्न विचारलाय तिने, आणि याचं उत्तर मी महाग शिकलो.

फुरसुंगीच्या बाजूला एका शेतात आम्ही उडवायचो. नांगरून ठेवलेली काळी माती. माझं पहिलंच ४० चं इंजिन, वर्षभर पैसे साठवून घेतलेलं. विमान नाकावर आलं, पंखा मोडला, इंजिन अर्धं मातीत. मी धावत गेलो, उचललं, आणि मनात एकच धास्ती, फिरतंय ना? उरलेल्या पंख्याच्या तुकड्याला धरून मी ते फिरवलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. फिरलं. मला इतका आनंद झाला. ज्यांच्याकडे मी शिकत होतो ते गृहस्थ मागून आले. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातून इंजिन काढून घेतलं आणि कार्बोरेटरचं तोंड माझ्याकडे केलं. ते मातीने भरलेलं होतं. घरी उघडलं तेव्हा लायनरवर वरून खालपर्यंत तीन उभ्या रेघा होत्या, नखाला लागत होत्या. आपटल्याने इंजिनाला काहीही झालं नव्हतं. ते मी माझ्या हाताने घासलं होतं. तो लायनर अजून माझ्या टेबलावर आहे.

तेव्हा: कोसळलं तर पंखा फिरवायचा नाही. अजिबात नाही. कार्बोरेटर आणि एक्झॉस्टचं तोंड फडक्याने बंद करायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी आणायचं. उघडायचं, इंधनाने धुवायचं, प्रत्येक भाग स्वच्छ दिसला की जोडायचं, मगच फिरवायचं. तिला वहीत लिहून ठेवायला सांगा.

जुना_कॅडेट | बुधवार, रात्री ९:१०

रोजच्या काळजीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आम्ही तर दिवस संपला की पुसून ठेवायचो, बास. एरंडेल आत राहतं, तेच राखतं.

लेथवाला | बुधवार, रात्री ९:४०

काका, एरंडेल राखतं हे खरं. गरम झाल्यावर कृत्रिम तेल जळून जातं त्याही पुढे ते टिकतं, लीन झालेलं इंजिन अनेकदा तेच वाचवतं. म्हणून थोडं तरी एरंडेल असलेलं इंधनच मी वापरतो. पण त्यासोबत आत मिथेनॉलही उरतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. नायट्रो असेल तर जळून आम्लही बनतं. गंज तिथून लागतो. आणि नुसतं एरंडेल ठेवलं तर काय होतं ते ताईंच्या ड्रायरने दाखवलंच.

म्हणून शेवटच्या वेळी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, आतलं सगळं जळून जातं. टाकी रिकामी. प्लग काढून आत चार थेंब तेल, कार्बोरेटरमधून चार थेंब. गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं तेल उत्तम, नसेल तर शिलाई मशीनचं. पंखा दहा-बारा वेळा फिरवायचा. प्लग बसवायचा, बाहेरून पुसायचं. सगळं मिळून दहा मिनिटं. माझ्याकडे येणारी निम्मी इंजिनं या दहा मिनिटांच्या आळसाने येतात.

मुठाकाठ | पुढच्या महिन्यातला रविवार, संध्याकाळी ७:५०

उशीर झाला, माफ करा. कूलंटमध्ये साफ केलं (निळा रंग खांद्याशी थोडा उतरलाय), नवीन नळ्या, नवीन प्लग. सीलबंद इंधन पावतीसह घेतलं. तिच्या युनिटमधल्या सरांनी विमानाचा आराखडा दिलाय, पंख कापायला सुरुवात झाली आहे.

आज खेड शिवापूरला दिरांच्या शेतावर गेलो. फळी, शिकंजा, बादली, हातमोजे, अंबाडा. पहिल्या वीस-पंचवीस फटक्यांत काही नाही. मग लेकीच्या लक्षात आलं की बॅटरीची पकड प्लगवर नीट बसलेलीच नाही. ती बसवली आणि तिसऱ्या फटक्याला ते धरलं. तो आवाज मला ओळखीचा निघाला. मी सात-आठ वर्षांची असेन, कानावर हात ठेवून बाबांच्या मागे उभी असायची. मला वाटलं होतं मी विसरले.

नीडल तिने लावली. अडीचवर गुरगुरत होतं, दोन फेरे आणि तीन खाचांवर सूर लागला, मग तीन खाचा परत. चिमटून पाहिलं, किंचित चढलं. वहीत तारीख, तापमान, फेरे सगळं लिहिलंय. दोन टाक्या झाल्या.

घारपंख | रविवार, संध्याकाळी ७:५८

ताई, वाचून फार फार बरं वाटलं. शेवटी नळी काढून बंद पाडलंत? तेल घातलंत?

मुठाकाठ | रविवार, रात्री ८:०६

हो. आईच्या शिलाई मशीनचं, प्लगमधून चार थेंब आणि कार्बोरेटरमधून चार. पंखा बारा वेळा फिरवला, आणि पिस्टन वरच्या घट्ट जागेवर राहू नये म्हणून खाली आणून ठेवला. फडकं तेच आहे, धोतराचं. धुऊन घेतलं.